आधी गिअरबॉक्स, मग इंजिन

पुण्यात कुटुंबासाठी गाडी घ्यायची म्हटली की चर्चा ठरलेल्या वळणाने पुढे जाते. ॲव्हरेज किती देते, इंजिन किती सीसीचे आहे, पिकअप कसा आहे, हे प्रश्न आधी येतात. गिअरबॉक्सचा विषय सगळ्यात शेवटी निघतो, तोही 'बजेट उरले तर ऑटोमॅटिक बघू' अशा सुरात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. आपल्या शहरात रोजच्या वापराची गाडी चालवणे सुसह्य होईल की त्रासाचे, तिच्यात इंधन किती जळेल आणि दुरुस्तीवर किती खर्च होईल, हे इंजिनाच्या आकारापेक्षा इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडी मंद वेगात कशी चालते यावर अधिक ठरते. ग्राहक ते पाहत नाही याचा दोष मी एकट्या ग्राहकाला देणार नाही. गाडीबरोबर त्याला जो आकडा मिळतो तो वेगळ्याच रस्त्याचा असतो, आणि सरकार गाड्यांवर ज्या मापाने कर लावते त्या मापाचा या प्रश्नाशी फारसा संबंध उरलेला नाही.

तो आकडा आधी पाहू. ज्याला आपण कंपनीचे ॲव्हरेज म्हणतो ते प्रमाणित करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक प्रमुख संस्था, एआरएआय, आपल्या कोथरूडमध्ये वेताळ टेकडीवर आहे. 1966 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या नावानेच पुणेकर त्या टेकडीला एआरएआयची टेकडी म्हणतात. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेतल्या रोलरवर गाडी उभी करून, आखून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवत आणि कमी करत ती केली जाते. हे वेळापत्रक एकूण 1180 सेकंदांचे, म्हणजे वीस मिनिटांपेक्षा थोडे कमी असते. त्यात शहरी वाहतुकीचे एकच आवर्तन चार वेळा येते आणि त्यानंतर शहराबाहेरच्या रस्त्याचा एक लांब टप्पा येतो, ज्यात वेग ताशी 90 किलोमीटरपर्यंत जातो. सगळ्याची सरासरी ताशी सुमारे 32 किलोमीटर पडते. शहरी आवर्तनातही वेग इतका हळुवार वाढवला जातो की शून्यापासून पन्नासपर्यंत पोहोचायला 26 सेकंद मिळतात. कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटल्यावर कुणी इतक्या सावकाश निघाले तर मागचे हॉर्न थांबणार नाहीत. शिवाय आजवर ही चाचणी एसी बंद ठेवून होत आली आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी लहान मुलांना घेऊन एसीशिवाय गाडी चालवणारे कुटुंब आता सापडणे कठीण आहे.

आता त्याच टेकडीच्या पायथ्याचा रस्ता पाहू. टॉमटॉम या कंपनीच्या 2024 सालच्या वाहतूक निर्देशांकात दहा किलोमीटर अंतर कापायला लागणाऱ्या वेळेनुसार पुण्याचा क्रमांक जगात चौथा होता. हा वेळ सरासरी 33 मिनिटे 22 सेकंद होता, म्हणजे ताशी सुमारे 18 किलोमीटर. तीही वर्षभराची सरासरी. संध्याकाळी हिंजवडीतून वाकडकडे येणाऱ्याला किंवा पावसात सिंहगड रस्त्यावर अडकलेल्याला हा वेगसुद्धा चांगला वाटेल. चाचणीतला ताशी 90 चा टप्पा पुणेकराच्या रोजच्या वापरात जवळजवळ येतच नाही, पण गाडीच्या ॲव्हरेजमध्ये मात्र तो मिसळलेला असतो.

मंद वाहतुकीत गाडीत नेमके काय घडते ते थोडे बारकाईने पाहायला हवे, कारण सगळ्या युक्तिवादाचे मूळ तिथे आहे. साधारण अकराशे किलो वजनाची हॅचबॅक सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या स्थिर वेगाने चालवायला पाच अश्वशक्तीसुद्धा लागत नाहीत. बाजारातल्या लहान पेट्रोल गाड्यांचे इंजिन मात्र सत्तर-ऐंशी किंवा त्याहून अधिक अश्वशक्तीचे असते. म्हणजे शहरात इंजिन बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या अगदी तळाशी काम करते, आणि पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता तिथेच सगळ्यात वाईट असते. इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ मिटलेली असते आणि हवा आत ओढून घेण्यातच बरीच शक्ती वाया जाते. त्यात थांबा-निघा यांची भर पडते. माणसांसह साडेबाराशे किलो भरणारी गाडी चाळीसच्या वेगावर आणून पुन्हा ब्रेक लावून थांबवली की तिची सारी गतिज ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. ढोबळ हिशेबाने दर थांब्याला साधारण दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे पेट्रोल खर्ची पडते. सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभे राहण्याचा खर्च वेगळा. तो एसीसह तासाला अर्धा ते एक लिटर असू शकतो. यातला कोणताही खर्च हजार सीसी की बाराशे सीसी या प्रश्नाने फारसा बदलत नाही.

मग इंजिनाची ओढ चाकांशी जोडणाऱ्या आणि तोडणाऱ्या क्लचकडे या. बहुतेक लहान गाड्या पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, ताशी पाच-सहा किलोमीटरच्या वेगाने सरकतात. भूमकर चौकातली रांग त्याहून हळू, पायी चालणाऱ्याच्याही मागे पडत पुढे जाते. म्हणजे रांगेचा वेग गाडीच्या सर्वांत कमी वेगापेक्षाही कमी असतो, आणि हा फरक भरून काढायला क्लच अर्धवट दाबून घसरत ठेवण्याशिवाय मॅन्युअल गाडीच्या चालकाला दुसरा मार्ग नसतो. ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो तो चालकाचा आळस असतो असे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. मोकळ्या रस्त्यावर ते खरेही आहे. पण अशा रांगेत ती गाडीच्या रचनेतून येणारी सक्ती असते. त्या घसरण्यात क्लच प्लेट झिजते आणि चालकाचा डावा गुडघाही झिजतो. प्लेट दहा-पंधरा हजारांत बदलून मिळते. पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांचे तसे नसते.

म्हणूनच शहरात रोज चालणाऱ्या कुटुंबाच्या गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला चैन समजणे मला चुकीचे वाटते. मात्र ऑटोमॅटिक हे एकच नाव चार अगदी वेगळ्या यंत्रांना लावले जाते, आणि शोरूममध्ये हा फरक क्वचितच समजावून सांगितला जातो.

सर्वांत स्वस्त प्रकार एएमटी. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओतून तो भारतात आला आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात बसला, कारण मॅन्युअलपेक्षा तो साधारण अर्ध्या लाखानेच महाग पडतो. त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण त्यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लचही तोच कोरड्या प्लेटचा असतो. फरक इतकाच, की क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम पायाऐवजी आणि हाताऐवजी एक यांत्रिक व्यवस्था करते. चालकाचा गुडघा वाचतो, पण प्लेट घसरायची ती घसरतेच. प्रत्येक गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते आणि मागे बसलेल्यांच्या माना पुढे-मागे होतात. कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाकडे चढणाऱ्या रांगेत ही गाडी नुसत्या ॲक्सिलरेटरच्या आधारावर चढावर रोखून धरली, तर क्लच तापतो आणि जळका वास आत येतो. एएमटी घेणाऱ्याने चढावर ब्रेकचाच आधार घ्यावा, आणि हिल होल्डची, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर रोखून धरण्याची, सोय नसलेली गाडी पुण्यात घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये प्लेट नसून तेल असते. इंजिनाकडचे पाते तेल फिरवते आणि ते तेल दुसऱ्या बाजूचे पाते फिरवते. त्यामुळे चालण्यापेक्षाही कमी वेगात गाडी कितीही वेळ सरकत राहिली तरी घासून झिजण्यासारखे त्या जागी काही नसते. त्याशिवाय गाडी जागेवरून निघताना हे यंत्र इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवून चाकांकडे पाठवते, जो गुण चढाच्या रांगेत सर्वाधिक उपयोगी पडतो. तेल घुसळण्यात इंधन वाया जाते हा जुना आक्षेप पूर्वीच्या तीन-चार गिअरच्या यंत्रांना लागू होता. आताची यंत्रे वेग थोडा वाढताच दोन्ही बाजू एकमेकींशी घट्ट जोडून टाकतात, त्यामुळे तो फरक बराच कमी झाला आहे. सीव्हीटीमध्ये गिअरच नसतात. दोन पुलींवरून फिरणारा पट्टा गुणोत्तर अखंड बदलत राहतो, आणि निघताना बहुतेक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरच मदतीला असतो. जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडते आणि गाडी मागाहून वेग घेते, ही तक्रार हायवेवर खरी आहे. शहरात इतका मऊ प्रकार दुसरा नाही.

ड्युअल क्लचबद्दल, म्हणजे दोन क्लच आलटूनपालटून वापरणाऱ्या गिअरबॉक्सबद्दल, मी थोडा सावध आहे. मोकळ्या रस्त्यावर तो गिअर इतक्या चपळाईने बदलतो की चालवणाऱ्याला त्याचा मोह पडावा. पण त्यातला कोरड्या क्लचचा प्रकार लांबलेल्या कोंडीत तापतो, कारण तिथेही अखेर प्लेटच घसरत असते. तेलात बुडालेल्या क्लचचा प्रकार उष्णता अधिक सहन करतो. रोजचा प्रवास खराडी-हिंजवडीसारखा असेल तर सेल्समनला क्लच कोरडा की तेलातला हा एक प्रश्न विचारल्याशिवाय बुकिंगची रक्कम देऊ नये.

गिअरबॉक्स ठरला की मग इंजिनाची निवड सोपी होते, आणि तीही जोडीने करावी लागते. बाराशे सीसीचे साधे पेट्रोल इंजिन, उदाहरणार्थ स्विफ्टमधले, सुमारे 112 न्यूटन मीटर टॉर्क देते, पण तो 4300 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 4300 फेऱ्यांच्या, आसपास. शहरात आपण दोन हजारांवर गिअर बदलतो, म्हणजे माहितीपत्रकातला तो आकडा रोजच्या वापरात अनुभवायला मिळत नाही. तरीही हे इंजिन खालच्या फेऱ्यांपासून सरळ, न दचकता ओढते, आणि संथ रांगेत तोच गुण लागतो. एक लिटरचे तीन सिलिंडरांचे टर्बो इंजिन, ज्यात एक पंखा जादा हवा आत कोंबतो, कागदावर फार पुढे दिसते. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या टायगुन आणि कुशाकमधले असे इंजिन 178 न्यूटन मीटर देते आणि तेही 1750 आरपीएमपासून. परंतु रांगेत सरकणारे इंजिन याच्याही खाली फिरत असते. टर्बो अजून जागा झालेला नसतो आणि हाताशी असते ते फक्त एक लिटरचे लहान इंजिन. मॅन्युअल गिअरबरोबर या इंजिनाला निघताना फेऱ्या वाढवाव्या लागतात, नाहीतर गाडी बंद पडते. हीच गाडी टॉर्क कन्व्हर्टरसह घेतली, तर जो खालचा पट्टा टर्बो भरून काढू शकत नाही तो कन्व्हर्टर भरून काढतो. एकच इंजिन दोन गिअरबॉक्सबरोबर दोन वेगळ्या गाड्यांसारखे वागते, आणि नुसत्या इंजिनांची तुलना अपुरी पडते ती यासाठी.

डिझेलची बाजू घेणारे अजून पुष्कळ आहेत, आणि सातारा-कोल्हापूरला दर आठवड्याला जाणाऱ्याने डिझेल घेतले तर माझा आक्षेप नाही. खालच्या फेऱ्यांतली त्याची ताकद निर्विवाद आहे. मात्र शहरापुरत्या वापराला ते आता परवडत नाही. डिझेलचे दर ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाल्यावर पेट्रोलशी असलेली मोठी तफावत आटत गेली आणि आता ती लिटरमागे बारा-चौदा रुपयांच्या आसपास राहते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के आणि डिझेल गाडीला 13 टक्के रस्ता कर द्यावा लागतो. वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाचे इंधनावर फार तर वीस-बावीस हजार वाचतील, आणि खरेदीच्या वेळी जास्त मोजलेले लाख-सव्वा लाख वसूल व्हायला पाच-सहा वर्षे जातील. याहून गंभीर अडचण डीपीएफची आहे. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांमुळे डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी ही गाळणी बसवावी लागते. साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी काही काळ सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. कोथरूड ते डेक्कन आणि परत, एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही, आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. सीएनजी खिशाला स्वस्त पडते हे खरे आहे, पण गॅसवर इंजिनाची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी घटते आणि पंपावरच्या रांगेत वेळ जातो. सीएनजीबरोबर ऑटोमॅटिकही बराच काळ मिळत नव्हते. 2024 मध्ये टियागोपासून ते मिळू लागले, हे स्वागतार्ह आहे.

ज्याच्याकडे हक्काचे पार्किंग आणि तिथे चार्जिंगची सोय आहे, त्याने शहरासाठी सरळ विजेची गाडी घ्यावी. तिच्यात बदलायचे गिअरच नसल्याने या लेखातले निम्मे प्रश्न तिला लागू होत नाहीत. पेठांतल्या जुन्या इमारतींत आणि पार्किंगवरून वाद असलेल्या सोसायट्यांत राहणाऱ्या हजारो कुटुंबांना हा पर्याय आज उपलब्ध नाही. त्यांच्यासाठी पुण्याच्या वाहतुकीला सर्वांत जुळणारे यंत्र म्हणजे स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, बाहेरून चार्ज करावी न लागणारी गाडी. कोंडीत ती बहुतांश विजेवर सरकते, सिग्नलला इंजिन बंद ठेवते, आणि ब्रेक लावताना जे दोन चमचे पेट्रोल आपण दरवेळी गमावतो त्यातला बराच भाग बॅटरीत परत जमा करते. ग्रँड विटारा आणि हायरायडर या गाड्यांचा प्रमाणित आकडा सुमारे 28 किलोमीटरचा आहे.

इथेच कररचनेचा प्रश्न येतो. चार मीटर लांबी आणि पेट्रोलसाठी 1200, डिझेलसाठी 1500 सीसी ही लहान गाडीची व्याख्या 2006 सालच्या अर्थसंकल्पात उत्पादन शुल्काच्या सवलतीसाठी आली. त्या काळी लहान इंजिन म्हणजे कमी इंधन हे समीकरण बऱ्यापैकी बरोबर होते. आज टर्बो, हायब्रिड आणि निरनिराळे गिअरबॉक्स आल्यानंतरही तीच पट्टी कायम आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या जीएसटीच्या दरांत या मर्यादेतल्या गाडीवर 18 टक्के आणि तिच्या बाहेरच्या गाडीवर 40 टक्के कर आहे. चौदाशे नव्वद सीसीचे इंजिन असलेली, पण कोंडीत ते बंद ठेवणारी हायब्रिड 40 टक्क्यांत पडते. त्याच कोंडीत तिच्याहून अधिक पेट्रोल जाळणारी, चार मीटरच्या आतली टर्बो गाडी 18 टक्क्यांत बसते. उत्तर प्रदेशाने 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. देशातले वाहन उद्योगाचे एक प्रमुख केंद्र ज्या राज्यात आहे, त्या महाराष्ट्राने निदान शहरातल्या प्रत्यक्ष वापराशी कर जोडण्याचा विचार करायला हवा. कर कमीच करावा असा माझा आग्रह नाही. जे इंधन शहराच्या हवेत जळते ते मोजून कर लावावा, एवढीच मागणी आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल की पुण्याच्या वाहतुकीवर गाडीचा गिअरबॉक्स हे उत्तर कसे असेल, उत्तर मेट्रो आणि पीएमपीची बससेवा आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. वनाजपासून मेट्रो सुरू झाली ती मार्च 2022 मध्ये, आणि कामावर जाण्यासाठी जिथे ती पोहोचते तिथे गाडी काढू नये. तरीही आईला रात्री दवाखान्यात न्यायचे असते, पावसात मुलांना आणायचे असते, आणि तेव्हा जी गाडी घरासमोर उभी असते ती कमी इंधन जाळणारी आणि चालवायला कमी दमवणारी असावी, यात विरोध करण्यासारखे काही नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तोही खरा आहे. ऑटोमॅटिक नवीन घेतलेल्या चालकाकडून घाईत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाण्याचे प्रकार घडतात. बहुतेक ड्रायव्हिंग स्कूल आजही केवळ मॅन्युअल गाडीवर शिकवतात. दोन्ही पेडलवर उजवाच पाय वापरायचा, उतारावर काय करायचे, हे ऑटोमॅटिकवर स्वतंत्र शिकवले पाहिजे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी अवजड वाहने न्यूट्रलमध्ये सोडल्याने किती अपघात झाले ते पुणेकर जाणतात. नुसत्या ब्रेकवर विसंबून त्या उतारावर उतरणारी कौटुंबिक ऑटोमॅटिकही तोच धोका लहान प्रमाणात पत्करत असते. एएमटीत मॅन्युअल मोड असतो, सीव्हीटीत उतारासाठी खालची स्थिती असते, आणि ती कधी वापरायची हे गाडी ताब्यात देताना पाच मिनिटांत दाखवता येते.

सगळ्यात सोपी सुधारणा आकड्याची आहे. युरोपात आपल्यासारखीच जुनी चाचणी वापरात होती तेव्हाही शहरातला, शहराबाहेरचा आणि एकत्रित असे तीन वेगळे आकडे जाहीर करणे बंधनकारक होते. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर शहर आणि हायवे यांचे आकडे वेगळे छापलेले असतात, आणि 2008 सालच्या गाड्यांपासून त्या हिशेबात एसी चालू ठेवून केलेली चाचणीही धरली जाते. तिथे हायब्रिड गाड्यांचा शहरातला आकडा हायवेपेक्षा बऱ्याचदा चांगला दिसतो, आणि ग्राहकाला कोणतेही व्याख्यान न देता फरक समजतो. आपल्याकडे चाचणीच्या वेळापत्रकात शहरी टप्पा आधीपासूनच आहे. तो वेगळा मोजायचा, एसी चालू ठेवून पुन्हा एकदा चालवायचा, आणि प्रत्येक इंजिन-गिअरबॉक्स जोडीसाठी शोरूमच्या काचेवर मराठीत छापायचा. रोलरवर याला मॉडेलमागे वीस मिनिटांची आणखी एक फेरी लागेल.

तोवर ग्राहकाने टेस्ट ड्राइव्हचा मार्ग आणि वेळ स्वतः ठरवावी. सकाळी अकरा वाजता रिकाम्या बायपासवर दहा मिनिटे फिरवून आणलेली गाडी सगळ्यांनाच आवडते. तीच गाडी संध्याकाळी सातला, घरातली चार माणसे बसवून, एसी लावून चांदणी चौकाच्या चढावरच्या रांगेत न्यावी. तिथे ब्रेक सोडल्यावर गाडी मागे सरकते का, पुढे जाताना हिसका देते का, इंजिन किती ओरडते आणि वीस मिनिटांनी पाय किती दुखतो ते पाहावे. शोरूमने अशी फेरी नाकारली तर दुसऱ्या शोरूममध्ये जावे.